ऑक्सिजन हाकलण्याचे उद्योग

मेडनहेड,
रविवार, दुपारचा चहा झाल्यावर

प्रिय दीना,

शशिकांतचा अर्धा नमस्कार (कंबर धरली आहे, पूर्ण वाकता येत नाही) आणि पूर्ण आठवण पोचावी. अर्चनावहिनींना मात्र पूर्ण नमस्कार सांग. तो मी ओट्याला धरून का होईना, पण केला आहे. इकडे सगळं ठीक. यमुनाचा गुडघा बदलल्यापासून ती रस्त्याने माझ्या पुढे चालते आणि मागे वळून "येताय ना?" असं विचारते, त्यामुळे त्या ऑपरेशनने आमच्या संसारात नक्की काय सुधारलं हे मला अजून कळलेलं नाही. कुशल अजून ब्रॅकनेललाच, त्याच कंपनीत. ती कंपनी काय करते हे त्याने मला अनेकदा समजावलं आहे आणि मी अनेकदा मान डोलावली आहे. बागेत यंदा टोमॅटो भरपूर धरले, पण ते लाल व्हायच्या आत इथला उन्हाळा आटोपला, म्हणून सध्या आम्ही दोन्ही वेळा हिरव्या टोमॅटोची चटणी खातो.

तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारणार नाही. विचारलं की तू "फर्स्ट क्लास" म्हणतोस, आणि ते दोन शब्द म्हणताना मध्ये एकदा श्वास घ्यायला थांबतोस. फुफ्फुसं कडक व्हायला लागली आहेत, तिथल्या डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन घ्यायला लावलं, ते आलं, हे सगळं वहिनींनी कळवलं. तू ते लावत नाहीस हेही त्यांनीच कळवलं. ते हॉलमध्ये सोफ्याशेजारी उभं असतं, त्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर फुलदाणी, आणि आल्यागेल्याला तू "हवा शुद्ध करायचं यंत्र आहे, पोरीने पाठवलंय" असं सांगतोस, इथपर्यंत बातमी मेडनहेडला पोचली आहे. (चांगल्या हवेसाठी म्हणून तू साताऱ्याला जाऊन राहिलास. तिथली माणसं हे ऐकून काय म्हणत असतील?) फोनवर मी हा विषय काढला की तू कुत्रं भुंकतंय म्हणून फोन ठेवतोस. तुमच्याकडे कुत्रं नाही. म्हणून पत्र लिहायला बसलो, तर यमुनाने बजावलं, त्या मशीनबद्दल चकार शब्द काढायचा नाही. तिचं म्हणणं, म्हाताऱ्या सर्जनला सल्ला दिला की तो मुद्दाम उलटं करतो, त्यातून सल्ला देणारा भूलवाला असेल तर बघायलाच नको. तेव्हा चकार शब्द काढत नाही. इथपर्यंतचं तू वाचलंच नाहीस असं समज. हे पत्र बिअरबद्दल आहे.

तू इंग्लंड सोडल्यापासून तुझी एकच तक्रार आहे (एकच म्हणजे माझ्यापाशी, बाकीच्या वहिनी ऐकतात): आपल्या हॉस्पिटलमागच्या पबात मिळायची ती तांबूस, कडवट बिटर भारतात कुठे मिळत नाही. आता ती इथेही मिळत नाही, दीना. पब बंद झाला. तिथे हल्ली कुत्र्यांचे केस कापून देतात. मागच्या महिन्यात मी तिथून गेलो तर आपण बसायचो त्या खिडकीत एक पूडल शहाण्यासारखं बसलं होतं आणि एक बाई त्याच्या कानांना ब्रश मारत होती. मला उगाच राग आला. दिवसभराची ऑपरेशनांची लिस्ट संपवून आपण त्याच खिडकीत बसायचो, तू त्या दिवशीच्या पित्ताशयाचं रसभरीत वर्णन करायचास आणि मी म्हणायचो की मीही तिथेच होतो, त्यावर तू म्हणायचास, "तू होतास, पण झोपला होतास." पेशंट झोपलेला असायचा. मी जागा होतो. हे मी तुला इतक्या वर्षांत पटवून देऊ शकलो नाही, आता पत्रात काय पटवणार.

तर कुशलने माझ्या वाढदिवसाला घरी बिअर करायचा संच आणून दिला. त्यात फार काही नसतं: झाकणाची एक मोठी प्लास्टिकची बादली, एक तोटी, एक नळी आणि माल्टच्या पाकाचा डबा. पाक पाण्यात ढवळायचा, हॉप्स घालायचे (त्यांनी कडूपणा आणि वास येतो), यीस्ट टाकायचं, झाकण लावायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसायचं सोडून बाकी सगळं मला जमलं. बादलीला ऊब लागते म्हणून ती आमच्या वरच्या मजल्यावरच्या एअरिंग कपाटात, गरम पाण्याच्या टाकीशेजारी, यमुनाच्या घडी घातलेल्या टॉवेलांमध्ये ठेवली. पंधरवडाभर आम्ही दोघं आंघोळ करून बाहेर आलो की पबातून आल्यासारखा वास यायचा. पण बिअर झाली! आणि अगदी तशीच नसली तरी ओळख पटावी अशी झाली. माझी भाची वरदा साताऱ्याला निघालीच होती, तिच्याकडे मी तुझ्यासाठी चार बाटल्या दिल्या, मोज्यांत गुंडाळून. पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. दुसरा कोणी असता तर "वेगळीच आहे हं" म्हणाला असता. तू फोन केलास आणि म्हणालास, "शश्या, पुठ्ठा भिजवून पाठवलास काय?"

मी कुशलला विचारलं. त्याने माझ्याकडची एक शिल्लक बाटली उघडली, वास घेतला आणि म्हणाला, "बाबा, ऑक्सिजन आत गेली. बिअर स्टेल झाला." (त्याच्या मराठीत स्त्री-पुरुष समानता लहानपणापासून आहे.) मग त्याने सांगितलं की यीस्टचं काम संपल्यावर बिअरला ऑक्सिजनचा नुसता वारा लागला तरी पुरे. हॉप्सचा वास आधी जातो, मग रंग काळवंडतो, मग पुठ्ठा. नळीतून ओतताना, बाटलीत भरताना, झाकण लावताना, जिथे जिथे हवा शिवते तिथे तिथे बिअर मरते. मला हे फार लागलं, दीना. आयुष्यभर मी लोकांना ऑक्सिजन दिला. त्यावर माझं घर चाललं, कुशलचं शिक्षण झालं. माझ्यासमोर कोणी ऑक्सिजनबद्दल वाईट बोललेलं मी ऐकलं नव्हतं, आणि इथे माझाच मुलगा माझ्याच स्वयंपाकघरात उभा राहून त्याला गुन्हेगार ठरवत होता. पण तुझा पुठ्ठा कानात घुमत होता. मी ठरवलं, तुला साताऱ्यात ती बिटर तिच्या मूळ वासासकट प्यायला मिळाली पाहिजे. आणि एखाद्या वायूला कुठे जाऊ द्यायचं आणि कुठे नाही, हे ज्याला कळतं असा माणूस या घरात एकच होता.

गराजमध्ये माझा एक खोका आहे. आपलं जुनं भुलीचं मशीन भंगारात निघालं तेव्हा मी त्यातलं जे हाताला लागलं ते विचारून घरी आणलं होतं: नळ्या, जोड, ती हाताने दाबून श्वास द्यायची काळी रबरी पिशवी, सोडा लाइमचा डबा आणि एक लहानसा ऑक्सिजन मोजायचा मॉनिटर. यमुना दर वसंतात तो खोका टाकून द्यायला बाहेर काढते आणि मी दर वसंतात तो आत घेतो. तो आता सत्कारणी लागला. बादलीच्या झाकणाला भोक पाडलं, त्यात रबरी वॉशर बसवला, वॉशरमधून नळी, नळीच्या टोकाला काळी पिशवी. कल्पना साधी होती. बिअर होताना कार्बन डायऑक्साइड निघतो, तो पिशवीत साठेल. मग बिअर निवळावी म्हणून बादली थंड केली की आतला वायू आकसून बाहेरची हवा ओढून घेतो, तेव्हा तो बाहेरची हवा न ओढता पिशवीतलाच वायू परत घेईल. कुशल आला, त्याने कपाट उघडलं, टॉवेलांच्या मध्ये ती पिशवी हळूहळू फुगताना बघितली आणि म्हणाला, "बाबा, यू हॅव बेसिकली बिल्ट अ लंग." मला वाटलं त्याने कौतुक केलं.

पिशवीने मला दगा दिला असं मी म्हणणार नाही, दगा माझ्या हाताने दिला. दुपारी जिन्याच्या लँडिंगवर खुर्ची टाकून, कपाटाचं दार उघडं ठेवून मी पेपर वाचत बसायचो, बादलीला सोबत म्हणून. पिशवी हाताशी. वाचता वाचता हात आपोआप तिच्यावर जायचा आणि हलके हलके दाबायला लागायचा, आपला नेहमीचा ठेका. मला पत्ताही नाही. बादलीच्या तोटीतून चिळकांडी उडून माझ्या मोज्यांवर बिअर शिंपडली गेली तेव्हा कळलं. यमुना खालून ओरडली, "अहो, काय करताय वर?" मी म्हणालो, "काही नाही, श्वास देतोय." मग तिने फोन उचलून कुशलला सांगितलं की बाबांकडे जरा येऊन जा.

यानंतर मी जरा जास्तच पुढे गेलो. तुला हे समजावून सांगायला हवं, कारण ऑपरेशन टेबलावरच्या पडद्याच्या माझ्या बाजूला काय चालतं हे तू उभ्या आयुष्यात वाकून बघितलं नाहीस. भूल देताना एकच वायू पेशंटमधून आणि मशीनमधून गोल गोल फिरवतात. पेशंट कार्बन डायऑक्साइड सोडतो, तो वाटेतला सोडा लाइमचा डबा शोषून घेतो, बाकीचं परत पेशंटकडे. मी बादली, पिशवी आणि एक छोटं स्टीलचं पिंप (बिअर शेवटी त्यात काढायची) असं तसंच बंद चक्र जोडलं. जोडून मागे सरकून बघितलं तर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. चक्रात एक जागा रिकामी दिसत होती. तिथे नेहमी डबा असतो. आयुष्यभर त्या जागी डबा बघितलेला, डोळ्यांना ते उघडंबोडकं बघवेना. शेवटी मी पाणबुड्यांच्या सामानाच्या दुकानातून ताजं सोडा लाइम मागवलं (पाणबुडेही तेच वापरतात), डबा भरला, बसवला, आणि फार समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी पिशवी सुकलेल्या अंजिरासारखी चिकटली होती आणि बादलीचं झाकण आत दबलं होतं. मी म्हटलं, गळती आहे. साबणाचा फेस करून ब्रशने प्रत्येक जोडाला लावला. बुडबुडा नाही. जोड बदलले, पट्ट्या आवळल्या, एक वॉशर तर मी जिभेने ओला करून बसवला, जे मी ऑपरेशन थिएटरमध्ये कधीही केलं नाही असं लिहून ठेवतो. तरी पिशवी चिकटलेली. यमुना टॉवेल घ्यायला आली, तिने वाटेत आला म्हणून डबा बाजूला सारला आणि म्हणाली, "हा गरम का लागतोय?" तिने तीस वर्षं स्लावच्या शाळेत केमिस्ट्री शिकवली आहे, तुला आठवत असेलच. तिने डब्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "अहो, चुन्याची निवळी आठवते का? कार्बन डायऑक्साइड सोडला की दुधाळ होते, सातवीत शिकवतात. या डब्यात चुनाच आहे ना? बिअर बिचारी वायू करतेय आणि तुमचा डबा तो खातोय." जो एक वायू मला सांभाळायचा होता, तेवढाच एक वायू खाण्यासाठी मी खास दुकानातून सामान मागवलं होतं. यमुना टॉवेल घेऊन खाली गेली, आणि जिन्यावरून तिचं हसणं ऐकू येत होतं. दीना, ती इतकी मनमोकळी बऱ्याच दिवसांत हसली नव्हती. त्यासाठी मी आणखी एक डबा बसवायला तयार आहे.

डबा काढला. ती बिअर वाया गेली होती, नवीन घातली. नळ्याही बदलल्या, कारण कुशलने सांगितलं की माझ्या सिलिकॉनच्या नळ्यांतून ऑक्सिजन आरपार जातो. (त्या नळ्यांवर मी किती विश्वास टाकला होता ते तुला माहीत आहे.) या वेळी सगळं जमलं. बादलीतल्या वायूने पिंपातली हवा आधीच हाकलून लावली. गेल्या शनिवारी कुशल आणि मी बादली गराजमधल्या फळीवर चढवली, पिंप खाली ठेवलं, आणि बिअर आपल्या वजनाने, बंद नळीतून, बाहेरच्या जगाचं तोंड न बघता खाली उतरायला लागली. पिंपातला वायू दुसऱ्या नळीने वर बादलीत परत. त्या परतीच्या नळीत मी आपला मॉनिटर बसवला, ऑक्सिजन खरंच गेलाय का ते बघायला. या मॉनिटरची एक खोड आहे. ऑक्सिजन कमी झाला की तो किंचाळतो, आणि ते किंचाळणं कायमचं बंद करता येत नाही. ज्याने तो बनवला त्याने गृहीत धरलं होतं की पलीकडे माणूस असणार. आमच्या बाबतीत तो किंचाळला की समजायचं, फत्ते झाली. कुशलला मी हे नीट समजावून सांगितलं. मॉनिटर जागा व्हायला वेळ घेतो, बिअर संथ उतरत होती, दारातून छान ऊन येत होतं. मी बागेतली खुर्ची आणून बसलो आणि माझा डोळा लागला.

मग तो किंचाळला.

पुढचं मी तुला कुशलच्या तोंडून ऐकलेलं सांगतो, कारण मी त्या वेळी मेडनहेडमध्ये नव्हतो. मी खुर्चीतून असा उठलो की खुर्ची मागे पडली. नळी उपटली. पिंपाचं झाकण उघडून फेकून दिलं. मग पिंपाच्या डोक्याशी गुडघे टेकून बसलो, दोन्ही बाजूंनी बोटं घातली आणि त्या बिअरने भरलेल्या पिंपाची हनुवटी वर केली. (कंबर तेव्हाच गेली.) आणि ओरडलो. काय ओरडलो ते कुशलने आधी सांगितलं नाही. मला उठवून खुर्चीत बसवलं, मॉनिटर टॉवेलात गुंडाळून गाडीत नेऊन ठेवला, बिअर पुसली, चहा करून आणला, आणि माझ्या शेजारी पालथ्या बादलीवर बसून विचारलं, "बाबा, दीनाकाका इथे नाहीये. तुम्ही त्याला का थांबवत होते?"

मी ओरडलो होतो, "दीना, थांब! हात काढ!"

आता याला काय सांगायचं? त्याला म्हटलं, अरे, ऑक्सिजन उतरला की पहिलं सर्जनला थांबवायचं असतं, ते तोंडात बसलंय. तो "ओके" म्हणाला. मग त्याने कप धुतले, मग आधीच स्वच्छ असलेली नळी धुतली, आणि जाताना दारात मला मिठी मारली, जी तो एरवी फक्त विमानतळावर मारतो. ऑक्सिजन हाकलण्यासाठी मी एवढा खटाटोप केला, आणि तो गेला हे कळल्याबरोबर माझ्याच हातांनी घाईघाईने परत घातला. डोक्याला माहीत होतं की ही बिअर आहे. हातांना कोणी कळवलं नव्हतं. मला वाटतं, हात आता शिकायचे नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यांनी शिकावं अशी माझी इच्छाही नाही.

ती बिअर चव जायच्या आत संपवायला हवी होती, म्हणून स्टॅनमोरच्या मित्रमंडळींना बोलावून दोन बैठकांत संपवली. सगळे म्हणाले, "वेगळीच आहे हं." आता तिसऱ्या खेपेची बादली कपाटात आहे. पिशवी आहे, पण खुर्ची मी लँडिंगवरून हलवली आहे. डबा नाही. मॉनिटर कुशलकडे ब्रॅकनेलला आहे, आणि तो परत द्यायचं नाव काढत नाही. बिअर छान चालली आहे, झाकणाशी नाक नेलं की तो पबातला वास येतो, आणि तू समोर बसून मी झोपलो होतो असं कोणाला तरी सांगतोयस असं वाटतं. एवढंच कळवायचं होतं. मशीनबद्दल, ठरल्याप्रमाणे, काही लिहिलेलं नाही.

वहिनींना पुन्हा नमस्कार. जप. दमशील असं काही करू नकोस, आणि मी सांगितलं म्हणून तर मुळीच काही करू नकोस.

तुझा,
शशी

ता. क. यमुनाने पत्र वाचलं. ती म्हणते, "चकार शब्द काढायचा नाही म्हणाले होते ना मी? मग सगळ्या पत्रात दुसरं आहे काय?" मी म्हटलं, बिअर आहे. तिने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि पाकिटाला तिकीट लावायला घेतलं. तिच्यातर्फे तुम्हा दोघांना नमस्कार.

ता. क. दुसरा. आम्ही जानेवारीत येतोय, विमानाची तिकिटं काढली आहेत. बिअर मी बरोबर आणतो, या वेळी वरदाच्या हाती देणार नाही. पुठ्ठा लागली तर तोंडावर सांग, तुझ्याकडून तेवढं ऐकायची सवय आहे. यमुनाची अट आहे की दोघांत एकच बाटली. ती अट तिच्यासमोर पाळू.

ता. क. तिसरा, आणि हा यमुनाने वाचलेला नाही. ती पाकीट ठेवून बागेत गेली आहे. परवाच्या व्हिडिओ कॉलला तिने तुला ऑक्सिजन किती आहे ते विचारलं, आणि तू बोटाला ती क्लिप लावून कॅमेऱ्यासमोर धरलीस. अठ्ठ्याण्णव. ती एवढी खूश झाली, मला म्हणाली, बघा, उगाच जिवाला घोर लावून घेता. मीही "वा" म्हणालो. पण दीना, आमच्या धंद्यात आधी ओठांचा रंग बघतात, आकडा मग. तू नगरपालिकेने रस्ता खणल्याबद्दल काहीतरी सांगत होतास, त्यातलं एक अक्षर मी ऐकलं नाही, मी तुझे ओठ बघत होतो, आणि ते अठ्ठ्याण्णवचे नव्हते. मग मी क्लिप नीट बघितली. आकड्याखालची कंपनीच्या नावाची अक्षरं उलटी होती. इंग्रजी आकड्यातला शहाऐंशी उलटा धरला की अठ्ठ्याण्णव दिसतो. हे सुचायला सर्जनचंच डोकं लागतं, मी मनापासून दाद देतो, आणि त्यानंतर मी नीट झोपलेलो नाही. तू मला फसवलंस याचं मला काही वाटत नाही. मला भीती वाटते. तुझ्याशिवाय मला भांडायला कोणी नाही, आणि इथून माझा हात तुझ्यापर्यंत पोचत नाही. म्हणून एवढं ऐक. हे पत्र हातात पडलं की ती नळी नाकाला लाव, मशीन चालू कर, थोडा वेळ नुसता बसून राहा, आणि मग बोटाला क्लिप लावून मला फोन कर. इथे कितीही वाजलेले असू देत. या वेळी ती सरळ धर. जो आकडा येईल तो येऊ दे, मी बघतो.